डोळ्याच्या आत पू झालाय: नुसतं इंजेक्शन पुरेल की आजच विट्रेक्टॉमी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. काटोलजवळ राहणाऱ्या तुमच्या आईचं, वय ६६, शुगरचा जुना त्रास, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी डोळा लाल झाला, रात्रभर ठणकला आणि सकाळी समोरचा माणूसही दिसेना. नागपुरात आणल्यावर डोळ्यात अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. आता आईला फक्त टॉर्चचा उजेड कळतो आणि रेटिनाचे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचे डॉक्टर आज रात्रीच विट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्याच्या आतली जेली आणि पू काढायचं ऑपरेशन, करू म्हणतात. मामांचं म्हणणं, सावनेरच्या त्यांच्या ओळखीच्या गृहस्थांना असंच झालं होतं आणि ते नुसत्या इंजेक्शननं बरे झाले, मग आईच्या डोळ्याला पुन्हा हत्यार लावायचं कशाला? दोघांपैकी कोणाचं ऐकावं, नजर परत येईल का, बसवलेलं भिंग काढावं लागेल का आणि दुसऱ्या डोळ्याला धोका आहे का, हे तुम्ही विचारलंय.

मी नागपुरात पडद्याच्या शस्त्रक्रिया करतो आणि असे डोळे नेहमी बघतो. तुमच्या आईचा डोळा मात्र मी पाहिलेला नाही, त्यामुळे अंतिम शब्द तिला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून माझं मत स्पष्ट आहे: आज रात्रीच करून घ्या. का, ते सांगतो.

सावनेरचे गृहस्थ आणि तुमची आई या दोघांच्या आजाराचं नाव एकच आहे, एंडॉफ्थॅल्मायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पोकळीत झालेला जंतुसंसर्ग. पण दवाखान्यात पोहोचले तेव्हा त्या गृहस्थांना किती दिसत होतं, हे मामांना कदाचित माहीत नसेल. सगळा निर्णय त्यावर फिरतो. ते बोटं मोजू शकत असतील, निदान डोळ्यासमोर हललेला हात त्यांना कळत असेल, तर इंजेक्शन देऊन थांबणं हा त्यांच्यासाठी योग्य उपचार होता. तुमच्या आईला फक्त उजेड कळतोय. हा आजाराचा वेगळा टप्पा आहे.

आणखी एक गैरसमज आधी दूर करतो. ‘इंजेक्शन की ऑपरेशन’ असा हा प्रश्नच नाही. इंजेक्शन दोन्हीकडे असतंच. डोळ्याच्या मागच्या पोकळीत साधारण ४ मिलिलिटर पारदर्शक जेली असते, तिला व्हिट्रियस म्हणतात. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, आणि रक्त आणि पडदा यांच्यामध्ये एक नैसर्गिक अडसर असतो. त्यामुळे हाताच्या शिरेतून दिलेलं औषध तिथं पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. औषध थेट आत सोडावं लागतं: व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम, प्रत्येकी ०.१ मिलिलिटरमध्ये, वेगवेगळ्या सिरिंजमधून, कारण एकत्र केली तर त्यांचा साका बसतो. पहिलं औषध एका गटाच्या जंतूंसाठी, दुसरं दुसऱ्या गटासाठी. कुठला जंतू आहे हे कळायला दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढा वेळ डोळ्याकडे नसतो, म्हणून दोन्ही द्यायची. विट्रेक्टॉमी केली तरी शेवटी हीच औषधं आत सोडली जातात. ठरवायचं एवढंच असतं की औषध पू तसाच ठेवून द्यायचं, की पू काढून.

या प्रश्नाचा आजवरचा सगळ्यात भक्कम पुरावा अमेरिकेतल्या ‘एंडॉफ्थॅल्मायटिस विट्रेक्टॉमी स्टडी’तून आला. १९९५ साली तो प्रसिद्ध झाला. मोतीबिंदूनंतर सहा आठवड्यांच्या आत संसर्ग झालेले ४२० रुग्ण त्यात होते. चिठ्ठी टाकावी तसं कोणाला विट्रेक्टॉमी आणि कोणाला फक्त नमुना घेऊन इंजेक्शन, असं ठरवलं गेलं. ज्यांना दोन फुटांवर हललेला हात कळत होता किंवा त्याहून बरं दिसत होतं, त्यांच्यात दोन्ही उपचारांचा निकाल सारखाच आला. ज्यांना फक्त उजेड कळत होता, त्यांच्यात मात्र मोठा फरक पडला. विट्रेक्टॉमी केलेल्यांपैकी ३३ टक्के लोकांची नजर ६/१२ (निरोगी डोळ्याला १२ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगली झाली, नुसत्या इंजेक्शनवाल्यांपैकी ११ टक्क्यांची. आणि नजर जवळजवळ गेलेले विट्रेक्टॉमीच्या गटात २० टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. तुमच्या डॉक्टरांनी टॉर्च दाखवला, हात हलवून पाहिला आणि मग आज रात्रीची भाषा केली, त्यामागे हे आकडे आहेत.

मामांना हे आकडे दाखवा, पण त्यांच्या मर्यादाही सांगा. त्या अभ्यासात मार लागून झालेले संसर्ग नव्हते. तेव्हाची यंत्रं आजच्यापेक्षा जाड होती. आणि आपल्याकडे बुरशी आणि स्यूडोमोनाससारखे जंतू तिथल्यापेक्षा जास्त सापडतात. शुगरच्या रुग्णांना हात हलताना कळत असला तरी विट्रेक्टॉमीचा थोडा जास्त फायदा होतो की काय, असा कल त्या अभ्यासात दिसला होता, पण तो ठामपणे सिद्ध होण्याइतके असे रुग्ण त्यात नव्हते. म्हणून काही सर्जन आता हाताची हालचाल कळणाऱ्यांनाही लवकर ऑपरेशन सुचवतात. माझी पद्धत अशी आहे: हालचाल कळते, पू कमी आहे, आतला पडदा थोडा तरी दिसतो, तर इंजेक्शन देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. इंजेक्शननंतर २४ ते ४८ तासांत नजर घसरली, दुखणं वाढलं किंवा सोनोग्राफीत पू दाट होताना दिसला, तर थांबायचं नाही. शुगर असेल तर माझा हात ऑपरेशनकडे आणखी लवकर वळतो. तुमच्या आईच्या बाबतीत तर हा वादाचा भागच उरत नाही.

एका गोष्टीनं नातेवाईक फार घाबरतात, तीही सांगून ठेवतो. इंजेक्शननंतर पहिल्या दिवशी डोळा कधीकधी आधीपेक्षा वाईट दिसतो. जंतू मरतात तेव्हा त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांमुळे सूज वाढते. त्यामुळे नुसत्या लालीवर आणि पाण्यावर निष्कर्ष काढायचा नाही. दुखणं कमी होतंय का आणि उजेडापलीकडे काही कळायला लागलंय का, हे दोन प्रश्न आईला दर काही तासांनी विचारा. तिचं उत्तर वेळेसकट कागदावर लिहून ठेवा. राउंडला येणाऱ्या डॉक्टरला त्या कागदाचा फार उपयोग होतो.

आता ऑपरेशनबद्दल. विट्रेक्टॉमीत डोळा ‘कापत’ नाहीत. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन मिलिमीटर मागं, एक मिलिमीटरपेक्षाही लहान अशी तीन छिद्रं करतात. एकातून पाणी आत जातं, दुसऱ्यातून प्रकाश, तिसऱ्यातून कटर, जो जेली बारीक कापत ओढून घेतो. पाणी सुरू करण्याआधी सगळ्यात पहिलं काम म्हणजे निर्मळ पू सिरिंजमध्ये घ्यायचा, त्यात पाणी मिसळू द्यायचं नाही. तो लगेच स्लाइडवर आणि कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, गेला पाहिजे. पुढच्या आठवड्याचे सगळे निर्णय या थेंबांवर ठरतात. त्यानंतर बुबुळामागं साचलेला पू आणि जाळीसारखा चिकटा काढतात, मग मधली जेली.

इथं सर्जनला एक कसरत करावी लागते. संसर्ग झालेल्या डोळ्याचा पडदा पावसात भिजलेल्या कागदासारखा होतो. जरा ओढ बसली की फाटतो. पारपटल, म्हणजे डोळ्याची समोरची पारदर्शक काच, सुजून धुरकट झालेलं असतं, म्हणून आतलंही नीट दिसत नाही. पाण्याची नळी खरंच पोकळीत पोहोचली आहे ना, की सुजलेल्या थरांखालीच अडकली, हेही आधी खात्रीनं बघावं लागतं. त्यामुळे बऱ्याच वेळा आम्ही सगळी जेली काढायचा हट्ट धरत नाही. मधला पू काढतो, जंतूंचा आणि विषारी द्रव्यांचा भार कमी करतो, औषध पसरायला जागा करतो आणि थांबतो. काही सर्जन पडद्यापर्यंत पूर्ण सफाई करण्याच्या बाजूचे आहेत आणि त्यांचे युक्तिवाद मला पटतात, पण आत स्वच्छ दिसत असेल तरच. दिसत नसताना पडद्याजवळ जाणं मला मान्य नाही. पडदा आधीच फाटलेला असेल तर शेवटी सिलिकॉन तेल भरतात. ते काही महिन्यांनी काढावं लागतं, म्हणजे आणखी एक ऑपरेशन. तेलाऐवजी वायू भरला असेल तर तो जिरेपर्यंत विमानप्रवास पूर्ण बंद.

भूल बहुतेक वेळा डोळ्याभोवती सुई देऊनच असते. सुजलेल्या डोळ्यात ती कमी चढते, म्हणून भूलतज्ज्ञ शेजारी उभे असावेत. शुगर जास्त आहे म्हणून ‘आधी शुगर कंट्रोल करू, मग बघू’ असं कोणी म्हटलं तर मी सहमत नाही. इन्सुलिन चालू ठेवून ऑपरेशन करता येतं. पू मात्र शुगर उतरण्याची वाट बघत नाही.

भिंगाबद्दल: बहुतेक वेळा ते राहू देतो. बुरशी असेल, किंवा संसर्ग पुन्हा पुन्हा उलटत असेल आणि भिंगामागच्या पिशवीत पांढरा थर दिसत असेल, तरच ते पिशवीसकट काढावं लागतं. काही जंतू त्या पिशवीत महिनोन्‌महिने दबा धरून बसतात. चौथ्या दिवशी ठणका लागणारा संसर्ग सहसा त्या जातीचा नसतो.

नजर किती येईल, हा खरा अवघड प्रश्न. ऑपरेशनचा पहिला हेतू डोळा आणि पडदा वाचवणं हा आहे. नजर त्यानंतर येते, आणि ती बरीचशी दोन गोष्टींवर ठरते ज्या आता कोणाच्याच हातात नाहीत: जंतू कुठला, आणि तो किती तास पडद्याजवळ राहिला. मी वर सांगितलेल्या अभ्यासात, आपल्या त्वचेवर आणि पापण्यांवर राहणाऱ्या सौम्य स्टॅफिलोकोकसचे रुग्ण सगळ्यात नशीबवान ठरले. त्यांच्यापैकी ८४ टक्क्यांची नजर तक्त्यावर सुमारे ६/३० किंवा त्याहून चांगली झाली. स्टॅफिलोकोकस ऑरियसमध्ये हे प्रमाण ५० टक्के होतं, स्ट्रेप्टोकोकसमध्ये फक्त ३०. स्ट्रेप्टोकोकस लवकर मेला तरी त्याची विषं तोवर पडदा जाळून गेलेली असतात. तेव्हा कल्चरचा रिपोर्ट आला की तो नुसता फाइलला लावू नका. डॉक्टरांना विचारा, ‘कोणता जंतू, आणि दिलेलं औषध त्याला लागू आहे का?’ बुरशी निघाली तर औषधच बदलतं, व्होरिकोनाझोल किंवा अँफोटेरिसिन आत द्यावं लागतं आणि स्टिरॉइड टाळावं लागतं.

सुधारणा सावकाश होते. दुखणं एक-दोन दिवसांत उतरायला हवं. पू काही दिवसांत. नजर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. त्या अभ्यासातही शेवटची नजर नऊ ते बारा महिन्यांनी मोजली होती. म्हणून पंधराव्या दिवशी ‘एवढंच दिसणार का’ असं विचारून आईला निराश करू नका. पहिले काही महिने एका गोष्टीकडे डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा: बाजूनं काळा पडदा सरकल्यासारखं वाटलं किंवा अचानक काळे ठिपके वाढले, तर त्याच दिवशी दाखवा. या आजारात पडदा सुटण्याचा धोका पुढंही राहतो, आणि वेळेवर आलं तर तो बसवता येतो. चष्म्याचा नंबर डोळा पूर्ण शांत झाल्यावरच काढायचा.

काही डोळे सगळं करूनही वाचत नाहीत, हेही तुम्हाला माहीत असावं. उजेडही कळेनासा झाला आणि वेदना थांबत नसेल, तर आतला भाग काढून टाकायची वेळ येते. आज उजेड कळतोय, म्हणून आज हा विषय तुमच्या आईचा नाही. तो तसाच राहावा म्हणूनच तर आजची घाई.

हे उत्तर इतरही वाचतील, म्हणून आपल्या भागातल्या दोन गोष्टी. संत्र्याच्या झाडाचा काटा, कपाशीची वाळलेली पऱ्हाटी, छन्नीचा कपचा यांनी डोळा फुटून आत संसर्ग झाला, तर वर दिलेला ‘आधी इंजेक्शन, मग बघू’ हा हिशोब तिथं लावू नका. मातीतून येणारा बॅसिलस नावाचा जंतू एक-दोन दिवसांत डोळा संपवू शकतो. तिथं जखम शिवणं, आत अडकलेला तुकडा काढणं आणि विट्रेक्टॉमी, सगळं जितकं लवकर होईल तितकं बरं. घरी तूप, मध, अंगावरचं दूध काहीही घालू नका. मेडिकल स्टोअरमधून स्वतःच आणलेले स्टिरॉइडचे थेंबही नकोत. डोळा चोळू नका, दाबू नका, वर नुसतं कडक झाकण लावून निघा. आणि डोळ्याला ना मार, ना ऑपरेशन, तरी शुगरच्या किंवा ताप असलेल्या रुग्णाचा डोळा असा झाला, तर जंतू रक्तातून आलेला असतो, यकृतातल्या गळूतून, लघवीच्या संसर्गातून किंवा बरेच दिवस लावलेल्या सलाईनमधून. तिथं शिरेतलं औषध आणि फिजिशियन हवेतच, नाहीतर डोळ्याच्या नादात जीव धोक्यात येतो.

दुसरी गोष्ट अंतराची. गडचिरोलीहून दीडशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून माणूस नागपुरात पोहोचतो तेव्हा अर्धा दिवस गेलेला असतो. मोतीबिंदूनंतर डोळा दुखायला लागला आणि जवळच्या शहरात नेत्रतज्ज्ञ असतील, तर त्यांनी नमुना घेऊन पहिलं इंजेक्शन तिथंच द्यावं आणि मग रुग्णाला पुढं पाठवावं, असं माझं ठाम मत आहे. निघण्याआधी फोन करून विचारा की रेटिना सर्जन आणि विट्रेक्टॉमीचं यंत्र आत्ता उपलब्ध आहे का. मेडिकल असो, मेयो असो (ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं) की धंतोली-रामदासपेठेतला खासगी दवाखाना, रात्री दहा वाजता दारात उभं राहून हा प्रश्न विचारण्यात तास जातात. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन लगेच जा, ऑपरेशन झाल्यावर नाही.

पहिल्या दवाखान्यावर तुमचा राग आहे, तो तुमच्या लिहिण्यात दिसतो आणि मी समजू शकतो. तरीही त्या सर्जनला आजच फोन करा. त्याच दिवशी त्यांनी आणखी मोतीबिंदू केले असतील, तर त्या सगळ्यांचे डोळे तपासायला हवेत. एकाच दिवशीच्या दोघा-तिघांना झालं असेल तर औषधी द्रावण किंवा उपकरणांत दोष असण्याची शक्यता असते. अशा वेळी एका फोननं दुसऱ्या कोणाच्या आईचा डोळा वाचू शकतो. एकट्या तुमच्या आईलाच झालं असेल तर जंतू बहुधा तिच्याच पापण्यांवरचा असेल. सगळी काळजी घेऊनही हे क्वचित घडतं. डिस्चार्ज कार्ड, भिंगाचं स्टिकर, ऑपरेशनची तारीख आणि आतापर्यंतची औषधं, यांचे फोटो रेटिनाच्या डॉक्टरांना द्या.

दुसऱ्या डोळ्याचं विचारलंत. ऑपरेशननंतरचा हा संसर्ग एका डोळ्यातून दुसऱ्यात जात नाही. त्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे, त्याचं ऑपरेशन पुढं करता येईल, पण हा डोळा पूर्ण शांत होऊन डॉक्टर हो म्हणाल्यावरच. तेव्हा आधी शुगर आटोक्यात आणा आणि पापण्यांची सूज आणि अश्रुनलिका तपासून घ्या. ऑपरेशनच्या आधी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन काही मिनिटं ठेवणार आहात ना आणि शेवटी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात अँटिबायोटिक सोडणार आहात ना, हे सर्जनला विचारा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासात असं सेफुरॉक्झिम सोडल्यानं हा संसर्ग सुमारे पाच पटींनी कमी झाला होता. आपल्याकडे त्यासाठी बहुतेक मॉक्सिफ्लॉक्सॅसिन वापरतात.